खांब दिसले पाहिजेत

यूजीन : ...अरे, दिसतायत म्हणतो ना मी! स्वच्छ दिसतायत. दोन्हीकडचे खांब. हा बघ इकडचा एक, हा दुसरा, मधे आडवी दांडी.

मॅलाकी : यूजीन, तू बोट दाखवतोयस तिकडे गाड्या लावल्यात.

यूजीन : मग थोडं डावीकडे.

मॅलाकी : डावीकडे समुद्र.

यूजीन : हे बघ, रेफ्रीनं इतकं चिकित्सक असू नये. उन्हाळ्यात लख्ख उजेडात माझ्या पोरांना पाडतात ते तुला दिसत नाही, आणि आज धुकं बरं दिसतंय!

मॅलाकी : धुकंच दिसतंय. दुसरं काहीच दिसत नाही, हीच तर अडचण आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. दोन्हीकडचे गोलचे खांब दिसले तर मॅच, नाही दिसले तर सगळ्यांनी घरी जाऊन जेवायचं.

यूजीन : फायनल आहे रे ही! काउंटीची फायनल. आमच्या गावात अशी फायनल बघायला मिळेल म्हणून वाट बघत माणसं म्हातारी झाली.

मॅलाकी : म्हणून तर. बॉल दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. ह्या धुक्यात तो वरून गेला की खालून, कोण सांगणार? मी काहीतरी ठोकून देईन, आणि उद्या तूच माझ्या दारात येशील भांडायला.

यूजीन : मी? मी कधी आलोय तुझ्या दारात भांडायला?

मॅलाकी : ईस्टरच्या सोमवारी. केटी केक कापत होती.

यूजीन : ते भांडण नव्हतं. चर्चा होती. आणि केक झकास होता, सांग तिला.

मॅलाकी : सांगितलं. ती म्हणाली, दोन तुकडे खाऊन शिव्या देणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. थांब जरा. तिकडच्या खांबांपाशी पॅकीला पाठवलंय, हात हलव म्हटलंय. पॅकी! ए पॅकी! हलवतोयस ना?

यूजीन : काय म्हणाला?

मॅलाकी : म्हणाला, हलवतोय, गारठलोय, आणि इथे एक मेंढी आलीय.

यूजीन : मला तर नुसतं 'ऊं' ऐकू आलं.

मॅलाकी : केटीचा भाऊ, माझा मेहुणा आहे तो. त्याचा 'ऊं' मला कळतो. मी रेफ्री झाल्यापासून माझा अंपायर तोच. गोलशेजारी उभं राहून झेंडे दाखवायचे, घरच्याच माणसांना जमतं ते. बाहेरचा कोण शिव्या खाईल?

यूजीन : आणि अंगात काय घातलंय त्यानं?

मॅलाकी : अंपायरचा कोट. दुसरं काय घालणार?

यूजीन : पांढरा!

मॅलाकी : पांढराच असतो तो.

यूजीन : म्हणजे पांढऱ्या धुक्यात, पांढऱ्या खांबांशेजारी, पांढरा कोट घातलेला माणूस उभा केलायस तू! आणि तो दिसत नाही म्हणून फायनल रद्द करायला निघालायस! हात टेकले बाबा तुझ्यापुढे.

मॅलाकी : मेंढीही पांढरीच असणार.

यूजीन : हस. हस तू. तिकडे त्यांचा मॅनेजर बसमध्ये बसून सँडविच खातोय, बघितलंस? मजेत. मॅच पुढे गेली की त्याचं फावतंच.

मॅलाकी : त्याला विचारलं मी. तो म्हणाला, रेफ्री म्हणेल ते. शहाणा माणूस आहे.

यूजीन : पैसे देऊन आणलाय त्याला, दुसऱ्या काउंटीतून. लॅपटॉप घेऊन येतो सरावाला. पोरांच्या पाठीला यंत्रं बांधतो, कोण किती पळालं ते बघायला. मला विचार ना, मी नुसत्या श्वासावरून सांगतो. आणि खेळतात काय तर हातातल्या हातात, मागे, आडवं, पुन्हा मागे. लग्नात ताट फिरवतात तसा बॉल फिरवतात. अरे, पाय कशाला दिलेत? मार लांब! मार आणि धाव!

मॅलाकी : तुझी पोरं तरी कुठे लांब मारतात? फिआक्रा सोडला तर.

यूजीन : फिआक्रा सोडला तर. तेच म्हणतोय मी.

मॅलाकी : थांबू या थोडं. समुद्राकडून वारा सुटला तर उठेलही हे धुकं.

यूजीन : वारा नाहीये. पानसुद्धा हलत नाही.

मॅलाकी : छान वाटतंय पण, नाही?

यूजीन : काय छान?

मॅलाकी : हेच. तिकडे बांधावर दोन गावं येऊन उभी आहेत, आणि आपल्याला नुसती थर्मासची झाकणं फिरवल्याचा आवाज. कुणीतरी हसतं, कुणीतरी खोकतं. माणसं आहेतही आणि नाहीतही. डोंगर तर आज कुणी उचलूनच नेलाय. मला कधी कधी झोपेत असं मैदान दिसतं. मी मधे उभा, शिट्टी तोंडात, आणि कुणी कुणाला पाडत नाही. सगळे नुसते हळूहळू फिरतायत.

यूजीन : रेफ्रीला बरी पडतील अशी स्वप्नं.

मॅलाकी : लहानपणी मी बेटावर खेळायला गेलो होतो एकदा. होडीनं. अर्धी मॅच झाली आणि असंच धुकं आलं, भिंत चालत यावी तसं. त्यांच्या एका दांडगटानं बॉल वर उडवला. उंच. आणि तो खाली आलाच नाही.

यूजीन : आलाच नाही म्हणजे?

मॅलाकी : नाही आला. आम्ही सगळे माना वर करून उभे. त्यांचे पंधरा, आमचे पंधरा. मला आठवतं, माझ्याशेजारी त्यांचा एक जण होता, मघाशी मला कोपर मारलेला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. असेच उभे आम्ही, किती वेळ कुणास ठाऊक.

यूजीन : समुद्रात पडला असेल.

मॅलाकी : पडला असेल. आवाज नाही आला पण.

यूजीन : तू ना, चुकून रेफ्री झालास. तुला चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला ठेवायला हवं होतं.

मॅलाकी : चुकूनच झालो. प्रत्येक क्लबनं एक रेफ्री द्यायचा असतो ना. मीटिंग होती, आणि त्याच संध्याकाळी माझी गाय अडली. जो आला नाही त्याचं नाव टाकून मोकळे झाले.

यूजीन : आमच्याकडे मॅनेजर असाच निवडतात. मी आलो होतो, पण मधेच लघवीला गेलो.

मॅलाकी : आणि मग इतकी वर्षं?

यूजीन : मग काय, माझा फिआक्रा होता ना. दहा वर्षांखालच्या पोरांपासून मीच शिकवत आलो. तेव्हा नियम होता, लहान पोरांच्या मॅचमध्ये कुणी स्कोअर मोजायचा नाही. नुसतं खेळू द्यायचं. आया बांधावरून टाळ्या वाजवायच्या, दोन्हीकडच्या पोरांना.

मॅलाकी : अजून तोच नियम आहे. चांगला आहे.

यूजीन : मी मोजायचो. मनात. घरी जाताना गाडीत त्याला सांगायचो, आज आपण हरलो, तुझ्या डाव्या पायामुळे. केवढासा होता तो! मागच्या सीटवर, पाय खाली टेकत नव्हते. त्याला वाटत असायचं आपण मजा करून आलो. मग शेडच्या भिंतीवर मारायला लावायचो, नुसत्या डाव्या पायानं. जेवण गार व्हायचं. नोरीन म्हणायची, पोराला आत येऊ दे.

मॅलाकी : आणि आज त्या डाव्या पायाला काउंटीत तोड नाही.

यूजीन : नाही ना? कुठूनही मार म्हणावं त्याला. तोल गेलेला असो, दोघं अंगावर असोत. मॅलाकी, खरं सांगू? तो मारायला मागे सरकतो ना, तेव्हा मी श्वास सोडत नाही. बॉल दांडीवरून गेला की मग सोडतो.

मॅलाकी : बुधवारी जायचंय ना त्याला?

यूजीन : कुणी सांगितलं तुला?

मॅलाकी : सगळ्या स्लायगो काउंटीला माहीत आहे. सिडनी ना?

यूजीन : सिडनी. इलेक्ट्रिशियनला तिकडे म्हणे लोक हाताला धरून नेतात कामाला. त्याची मैत्रीण सोरखाही तिकडेच गेलीय वसंतात. इथे काय आहे म्हणतो. घर भाड्यानं मिळत नाही, आणि आईबापाच्या घरात किती दिवस झोपू. आपण पोरं घडवायची, मॅलाकी, थंडीपावसात उभं राहून, आणि खेळवणार कोण? तर सिडनी! तिकडे म्हणे आपल्या ह्या आयरिश फुटबॉलचे क्लब आहेत, इथल्यापेक्षा चांगल्या टीम. असणारच! पोरं आमची ना!

मॅलाकी : म्हणून आजच मॅच हवी तुला.

यूजीन : पुढच्या रविवारी घेऊन काय उपयोग? तो नसेल.

मॅलाकी : एक शेवटची मॅच बघायची त्याची. कळतं मला.

यूजीन : नाही कळत तुला.

मॅलाकी : मग सांग.

यूजीन : कुणाला बोलायचं नाही. नोरीनलाही माहीत नाही. आज जिंकलो, तर आम्ही काउंटीतर्फे कोनॉट प्रांताच्या स्पर्धेला जाणार की नाही? पुढची मॅच पंधरवड्यानं. काउंटीचा कप हातात, सगळं गाव खांद्यावर घेणार, बस निघणार, आणि हा तिकीट काढून विमानात बसेल? नाही बसणार. मी ओळखतो त्याला. पुढे ढकलेल. पंधरवडा ढकलेल. मग ख्रिसमस आलाच. ख्रिसमसला कोण जातं? मग नवीन वर्षात काहीतरी काम निघेल इकडे... एकदा पुढे ढकललं ना मॅलाकी, की राहतात पोरं. पाहिलंय मी. मला फक्त आजची मॅच हवी रे. जीव तुटतो माझा. घरात त्याचे बूट दिसणार नाहीत बघ. नोरीन रडते तरी. मला तेही येत नाही.

मॅलाकी : माझी पोरगी ऑर्ला गेली मेलबर्नला, त्या दिवशी मी एक मॅच मागून घेतली. मुद्दाम. विमानतळावर केटी गेली, मी नाही गेलो. आणि दिसेल त्याला कार्ड दाखवलं. एका पोरानं येऊन हळूच विचारलं, रेफ्री, तुम्ही रडताय का? त्यालाही पिवळं.

यूजीन : म्हणजे तुला कळतंय.

मॅलाकी : कळतंय. पण खांब दिसत नाहीयेत, यूजीन. दोस्ती म्हणून मला खांब दिसायला लागले, तर उद्यापासून मी शिट्टी कशाला वाजवायची? पोरं धडकतील रे एकमेकांवर. डोकं फुटलं एखाद्याचं, तर? तुझ्याच पोराचं फुटलं तर?

यूजीन : बरं, एक काम कर. हे माझं जॅकेट. लालभडक आहे. मी पॅकीला नेऊन घालतो. तो कोट काढायला लावतो. मग बघ, दिसतो की नाही. तो दिसला की शेजारचे खांबही दिसतील.

मॅलाकी : अंपायरला लाल जॅकेट?

यूजीन : नुसतं बघायला! मॅच सुरू झाली की घालू दे परत कोट. एवढं तरी कर माझ्यासाठी.

मॅलाकी : जा. तुझं समाधान होऊ दे. सरळ जा पण, नाहीतर समुद्रात जाशील.

यूजीन : पॅकी! पॅकी, मी आलो! ओरडत राहा, म्हणजे कळेल कुठे आहेस!

फिआक्रा : काका? मॅलाकीकाका?

मॅलाकी : कोण ते? फिआक्रा का? ये, ये. इकडे. बूट घालून आलायस की.

फिआक्रा : बाबा आहेत इथे?

मॅलाकी : आत्ता गेले तिकडे, पॅकीला नटवायला. काय झालं?

फिआक्रा : मॅच होणार का?

मॅलाकी : बघतोय. तुमच्या पोरांची घालमेल झाली असेल आत, खोलीत बसून.

फिआक्रा : सगळे भिंतीला टेकून बसलेत. काका... एक विचारू? म्हणजे मी विचारू नये, मला माहीत आहे. खेळाडूनं रेफ्रीला असं...

मॅलाकी : विचार तर खरं.

फिआक्रा : रद्द कराल का?

मॅलाकी : काय?

फिआक्रा : मॅच. रद्द करा ना. धुकं आहेच. तुम्ही खोटं काही सांगत नाही.

मॅलाकी : पोरा, फायनल आहे. तुझी शेवटची.

फिआक्रा : म्हणूनच. मी रात्रभर तेच बघत होतो, झोपेत की जागा होतो कळत नव्हतं. शेवटचा फटका माझ्याकडे येतो. पॉइंट झाला तर जिंकलो. आणि मला मारायचाच नसतो.

(मागून धुक्यात पावलं येतात आणि थांबतात. फिआक्राच्या ती लक्षात येत नाहीत.)

मॅलाकी : फिआक्रा, थांब जरा. हे आपण नंतर—

फिआक्रा : नाही काका, बोलू द्या. नंतर मला जमणार नाही. मी आज खेळलो आणि आपण जिंकलो, तर मला जाववणार नाही. बाबा काही बोलणार नाहीत, नुसते बघतील माझ्याकडे, कप हातात धरून. ते बघणं मला सहन होत नाही. मी राहीन. आणि मग आयुष्यभर त्यांच्यावर चिडत राहीन, जेवताना, गाडीत, कशावरूनही. आणि हरलो तर त्यांना वाटेल, पोरगं मनानं आधीच गेलं होतं, म्हणून हरवलं त्यानं. मी मुद्दाम चुकीचा मारीन काका, अशी भीती वाटते मला. मी कधीच तसं केलं नाहीये. लहानपणी अंधारात भिंतीवर मारतानासुद्धा नाही.

मॅलाकी : चिडायचास का तेव्हा? भिंतीवर मारताना?

फिआक्रा : नाही. ते दारात उभे असायचे ना. शेडच्या दारात, हात खिशात घालून. एकदाही आत गेले नाहीत मी संपवेपर्यंत. त्यांचंही जेवण गारच व्हायचं. मला वाटतं मी पायासाठी मारतच नव्हतो, बाबा तिथे उभे राहावेत म्हणून मारत राहायचो... जाऊ दे. मला जायचंय काका. खूप जायचंय. सोरखासाठी, आणि नुसतंच, जायचं म्हणूनही. पण त्यांना हरवून नाही, आणि त्यांना जिंकवूनही नाही. असं काही असतं का हो?

मॅलाकी : असतं बहुतेक. थांब. वारा सुटला का रे? तिकडे बघ. उत्तरेकडे. मला एक खांब दिसल्यासारखा वाटतोय. दोन. दांडीही दिसतेय...

यूजीन : भास आहे तो.

फिआक्रा : बाबा!

यूजीन : कोण, फिआक्रा? तू कधी आलास? मी हा आत्ता येतोय. पॅकी सापडलाच नाही मला. खांबही नाही सापडले. चक्कर मारून परत इथेच आलो बघ.

मॅलाकी : यूजीन, ते बघ ना. खरंच उठतंय. उत्तरेकडचे दोन्ही खांब...

यूजीन : धुक्यात होतात भास. तूच म्हणालास ना, तुला झोपेतही मैदानं दिसतात. मला विचारशील तर मला काही दिसत नाही.

मॅलाकी : तुझी खात्री आहे?

यूजीन : मी मॅनेजर आहे. माझ्याच टीमचं नुकसान करून कशाला सांगीन? आणि समजा तिकडचे दिसले, दक्षिणेकडचे कुठेयत? दाखव. बोट कर.

मॅलाकी : दक्षिणेकडचे नाही दिसत.

यूजीन : मग? नियम काय आहे? दोन्हीकडचे. आणि आता तिकडचेही गेले बघ.

मॅलाकी : गेले खरे. पुढच्या रविवारी तुझ्याकडे डावा पाय नसेल, यूजीन. हरशील.

यूजीन : हरू. गाव मला उभा जाळेल. ईस्टरला येतो तुझ्याकडे लपायला, केटीला केक करायला सांग.

फिआक्रा : बाबा, तुम्ही तर सकाळपासून सगळ्यांना सांगत होतात, दिसतंय, स्वच्छ दिसतंय म्हणून.

यूजीन : सांगत होतो. मॅनेजरनं सांगायचंच असतं. वाजव रे मॅलाकी. पोरं आत कुडकुडतायत.

मॅलाकी : कान झाका दोघं. वाजवतोय... झालं. मंडळी, मॅच रद्द! पुढच्या रविवारी, इथेच! पॅकी, ये आता! मेंढीला सोड आणि ये!

फिआक्रा : रागावलात का, बाबा?

यूजीन : कुणावर? धुक्यावर?

फिआक्रा : तुमचं जॅकेट घाला ना. हातात काय धरून उभे आहात, भिजलात सगळे.

यूजीन : घालतो. चल आता घरी. तुझ्या आईनं बॅग भरून ठेवलीय, पण तिची चेन लागत नाहीये. सकाळपासून झटतेय एकटीच, मी मुद्दाम हात लावला नाही. कुणीतरी वर बसल्याशिवाय लागायची नाही ती. मी बसतो.